उधारीची वही

पर्वरीला विधानसभेत माझं कॅन्टीन.
चाळीसांतले एकोणीस त्यांचे,
हे भजी तळणाऱ्या पोरालाही ठाऊक.
तरी दोन वर्षं टिकलंय सरकार
खाजनाच्या बांधासारखं:
रात्री जाऊन कुणीतरी चिखल थापतं.

मतदानाची घंटा झाली की
अपक्ष कायतानबाब दोघांना घेऊन बाहेर येतात,
पातळभाजी-पाव मागवतात.
आत एकोणीस विरुद्ध अठरा होईपर्यंत
त्यांचा पाव संपत नाही.

विरोधक बाकं बडवतात, हळूच.
पुन्हा तिकीट मिळेल याची
त्यांना तरी कुठे खात्री?

मी वहीवरून ओळखतो.
बाबांची उधारी वाढतेय तोवर भ्यायचं नाही.
एक साकव, भाच्याची नोकरी, फेरीबोटीचा धक्का:
मागणारा माणूस पाडत नाही.

काल, अर्थसंकल्पावरच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी,
ते आले. बसले नाहीत.
मुख्यमंत्र्यांचा माणूस मागोमाग,
"बाब, साकवाचं काम सोमवारी सुरू!"
"राहूं दी."
मग माझ्याकडे वळून, "सगुण, किती झाले?"

चार हजार सहाशे वीस.
वरचे वीससुद्धा मोजून दिले,
पानावर आडवी रेघ मारीपर्यंत थांबले.

रात्री घरी फोन लावला.
मुलगा म्हणाला, चुना आणलाय,
उद्या रस्त्याकडची भिंत रंगवतो.
म्हटलं, ठेव तसाच.
येतीलच कुणीतरी
आपापला रंग घेऊन.