शेवटी कोण चालणार

नकाशा टेबलावर पसरलाय.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर माझा चष्मा,
त्यामुळे नकाशा उडत नाही आणि मला दिसतही नाही.

ऑक्टोबरचे चार शनिवार ठरवायचेत.

जलाशयाकाठची वाट साडेपाच मैल,
चढ थोडा, सावली त्याहून थोडी.
कॅलिफोर्नियात शरद येतो तो तहानलेलाच.
गवत कधीचं वाळलेलं, टेकड्या भाजलेल्या पावासारख्या,
बकआयच्या झाडांनी तर ऑगस्टातच पानं टाकून हात वर केलेत.
पूर्वेचा वारा सुटला, धुराचा वास आला, तर सहल रद्द.
एवढं एक वाक्य मी पेनानं लिहिते.
बाकी सगळं पेन्सिलीनं.

स्वच्छतागृह कुठे, हे ऑफेलियासाठी.
बाक कुठे, हे मिसेस क्वाखसाठी:
दर दीड मैलावर ती संत्रं सोलते
आणि प्रत्येकाच्या तळहातावर फोड पडेपर्यंत
कुणाला पुढे जाऊ देत नाही.
डॅग्नीला कळवायचं, कुत्रा चालणार नाही.
डॅग्नी विचारणार, पट्टा बांधून?
डॅग्नीला परत कळवायचं.

दरीतल्या वाटेवर तमालपत्राच्या वासाची गर्द झाडी,
आणि तिच्या पायथ्याशी, जपून,
सगळ्यात लाल, सगळ्यात देखणं जे पान दिसेल
त्याला हात लावू नका.
दरवर्षी सांगते.
दरवर्षी कुणीतरी वहीत ठेवायला ते खुडतंच
आणि आठवडाभर कोपरापर्यंत खाजवत बसतं.

तिसऱ्या शनिवारी उन्हं उतरताना टॅरंट्युला बघायचे.
या दिवसांत नर बाहेर पडतात,
वर्षानुवर्षं बिळात काढल्यावर अचानक,
मादीच्या शोधात, रस्त्याच्या मधोमध.
आपल्यातल्या विधुरांसारखे, कियोमी म्हणाली होती.
आर्तुरो सोडून सगळे हसले.

आणि चौथा. ओढ्याजवळचा रस्ता.
पाऊस लागला की तो गाड्यांना बंद होतो,
कारण बोटाएवढे न्यूट तो ओलांडून तळ्याकडे निघालेले असतात,
इतके सावकाश
की एक अख्खा रस्ता त्यांच्यासाठी थांबवावा लागतो.
थांबवतात. फाटक लावून, पाटी टांगून.

यादीच्या तळाशी एक ओळ रिकामी आहे.
शेवटी कोण चालणार.

अकरा वर्षं तिथे हॉलिस होता.
एकोणतीस वर्षं शहरबस चालवलेला माणूस,
मागचं बघायची मानेला सवय.
गुरांच्या फाटकाची साखळी अडकवायची
आणि पुढे ओरडायचं: सगळे आले!
त्या आवाजाशिवाय आम्ही वळण ओलांडलेलं नाही.

मंगळवारी त्याच्या मुलीचा फोन आला.
दुकानातून घरी यायला त्याला तीन तास लागले.
चार गल्ल्यांचं अंतर.
हातात दूध, ते कोमट झालेलं.
पपा तुम्हाला सांगणार नाहीत, ती म्हणाली,
आणि शनिवारसाठी बूट पुसून ठेवलेत.

मी त्याचं नाव लिहिलं. खोडलं.
पुढे आर्तुरोला घातलं, मधे डॅग्नीला,
वाटा बदलल्या: जाऊन परत यायच्या सगळ्या रद्द,
गोल वाटा घेतल्या,
जिथे चुकायला फाटेच कमी.
मग त्याचं नाव पुन्हा लिहिलं, तळाशीच.
तिथून हलवलं असतं तर पहिल्याच फाटकाशी त्याला कळलं असतं.

त्याच्या खाली माझं नाव लिहिलेलं नाही.
पण यंदा माझ्या बुटाची नाडी फार सुटणार आहे.
वाकून बसेन, तो पुढे जाईल,
दहा पावलांवरून मी त्याची पाठ बघत राहीन.

एवढं ठरलं, आणि मग लक्षात आलं:
तो पुढे जाणारच नाही.
कुणाला मागे ठेवून हॉलिस कधी गेलाय?
तो फाटक धरून उभा राहील.
मी त्याच्या मागे राहायला बघणार,
तो माझ्या.

अंधार साडेसहाला.
निघायची वेळ खोडून
अर्धा तास अलीकडे घेते.