परत ठेवलेलं

केंटकीतल्या कोळशाच्या गावात
व्हर्लिन स्टॅम्परचं पहिलं दुकान.
फळ्या नाहीतच, फाडलेली खोकी, एक बल्ब.

रात्री गल्ला मोजायच्या आधी
तो काउंटरखाली वाकायचा.
चिल्लर पुरेना म्हणून बायकांनी
हळूच बाजूला सारलेलं असायचं तिथे:
साबणाची वडी, पोराचे मोजे,
एकदा वाढदिवसाच्या मेणबत्त्या.
वहीत टिपायचा.
पुढच्या आठवड्यात भाव तेवढाच उतरायचा.

बाकीचे शहाणे विकलेलं मोजत होते.

नऊशे दुकानं झाली. वही तीच.

आता त्याचे धडे भाषणांत सांगतात.
मी डेल्फा, एकतीस वर्षं गल्ल्यावर.
पहिला धडा मला पाठ आहे: वाकायचं.

दुसरा कुणी सांगत नाही.
ते मोजे माझेच होते.
मोज्यांचा भाव उतरला,
माझा पगार
त्या वहीत कधी आलाच नाही.