आवक वेळ

कोडमध्ये मी एवढंच लिहिलं होतं:
गाडी नंबर, माल, आणि शेवटच्या रकान्यात
आत्ता.

कुणाचं आत्ता, हे महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर
मला कुणी विचारलं नाही.
गेटवरच्या कॉम्प्युटरचं, ज्याचा सेल उतरलाय
आणि लाईट गेली की जो दोन हजार दोन सालात जाऊन बसतो?
की सर्व्हरचं, जो कुठल्या गावी आहे ठाऊक नाही
पण ग्रीनिचची वेळ सोवळ्यासारखी पाळतो?

मी सर्व्हरचं घेतलं. त्याची अक्षरं केली,
मागची झोनची शेपटी छाटली,
रकान्यात मावत नव्हती म्हणून,
आणि चहाला गेले.

तीन आठवड्यांनी तुर्भ्याहून फोन.
भाजी मार्केट, आवक गेट, कारकून पार्टे:
"मॅडम, तुमचं मशीन कालच्या दिवसात राहतंय.
एकदा रात्री या."

गेले. मेथीच्या जुड्यांखालून पाणी ठिबकत होतं.
लतीफ मुलाणी टेम्पोच्या बॉनेटवर पावती आपटत होता.
पावतीवर आवक: रात्री नऊ चाळीस. पार्किंगचे दिवस: दोन.
"नऊ चाळीसला मी ओतूरला माल भरत होतो!
भरायच्या आधीच पोचलो म्हणजे मी काय भूत आहे?"

पार्ट्यांनी न बोलता वही पुढे केली.
निळ्या शाईत, ओल्या बोटाचा डाग पडलेली ओळ:
३.१०, मेथी, ओली, मुलाणी.
मी बोटांवर मोजलं. साडेपाच तास.
माझ्या छाटलेल्या शेपटीची लांबी बरोबर तेवढीच.

दुरुस्ती एका ओळीची निघाली.
वेळ आता डेटाबेसच घालतो, झोनसकट;
मी त्यात बोलत नाही.
राहिल्या जुन्या नोंदी. अकरा हजार चारशे बारा.
आधी बॅकअप, मग एक अपडेट,
प्रत्येक ओळीत मिळवा साडेपाच तास.
एंटर दाबलं,
आणि संध्याकाळी उगाच ताटकळलेल्या सगळ्या गाड्या
आपापल्या पहाटे परत गेल्या:
फ्लॉवर, गवार, कोथिंबीर, सगळ्या.

पार्टे माझ्या खांद्यामागून पाहत होते.
"सगळ्यांना एकदम पुढं सरकवलंत?"
हो म्हटलं.
ते चष्मा पुसत राहिले जरा वेळ.
"मी एक जूनचा.
आमच्या जावळीकडं वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच.
गुरुजींनी विचारलं, कधीचा रे? आई म्हणाली,
नाचणीची लावणी चालू होती, आणि त्याच रात्री गाय व्याली.
गुरुजींच्या रजिस्टरात गायीचा रकाना नव्हता."

मी हसले. मग हसू थांबलं.
रकाना रिकामा ठेवायचा नाही
म्हणून आपल्याकडची एक तारीख घालणारे गुरुजी
माझ्याच खात्यातले.

लावणी म्हणजे आषाढ, म्हणजे जुलै.
पार्टे येत्या एकतीस मेला रिटायर होतात.
"दोन पगार बसले असते," ते म्हणाले,
"पण आमच्या ओळीला बॅकअप नाही."
आणि पुढच्या गाडीला हात केला.

एकतीस मेच्या रात्री मी महाप्यातून क्वेरी चालवली.
नोंद करणारा: पार्टे. शेवटची ओळ.
टोमॅटो, नारायणगाव, चार वाजून एकोणीस मिनिटं,
सात सेकंद, आणि सेकंदाचे सहा बारीक तुकडे.
इतकी अचूक वेळ त्यांच्या आयुष्यात
त्यांच्याबद्दल कुणी लिहिली नसेल.

सकाळी फोन करून विचारलं, वहीत काय आहे?
"सव्वाचार," ते म्हणाले.
"टोमॅटो. बरा आहे."