समास न सोडता

एप्रिल लागला की, निकालाच्याही आधी,
बाबा वह्या मागायचे.
चौघांच्या, फरशीवर ओळीने.
मोतीबागच्या वर्कशॉपातून नुकताच आलेला माणूस,
नखांत ग्रीस, हातात दाभण,
दातांत दोऱ्याचं टोक.

कोरी पानं पिनेतून सोडवायचे
झोपलेल्या लेकराच्या मुठीतली काडी काढावी
इतक्या सावकाश.
मंदाची दुरेघी, हेमराजची चौकटी,
विश्वंभरची चित्रकलेची तीन, जाड,
एका कोपऱ्यात पुसून न पुसलेली
वाघाची शेपटी.
वर सिमेंटच्या पिशवीचा झटकून घेतलेला कागद.
ही वही दरसाल माझी,
कारण मी शेंडेफळ.

तिच्यात इतिहास चालता चालता
एकदम चौकटींत शिरायचा
आणि पानिपत एका घरात एक अक्षर
असं लढलं जायचं.

बाबांचा नियम एकच. समास सोडायचा नाही.
"एवढी जागा कोरी सोडून राहिली, काहून?
तिथं कोणी बसणार आहे काय?"
आणि शाळेत बोकडेबाई
समास नाही म्हणून
पेरांवर उभी पट्टी मारायच्या.
मी दोघांच्या मधोमध
पेन्सिलीची फिकट रेघ ओढायची,
शाळेत दिसेल, घरी पुसता येईल
एवढीच.

उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकण्याआधी
माय जे पाणी शिंपडायची
ते सकाळी तांदूळ धुतलेलं असायचं.
त्या आंबूस गारव्यात आम्ही झोपायचो.

आता हे सगळं गोड लागतं.
तेव्हा नव्हतं लागत.
पुढच्या बाकावरच्या कुमुदिनीची नवी वही
मी मधल्या सुट्टीत उघडून हुंगलेली आहे,
हे आज पहिल्यांदा सांगते.
आणि बाबा झाडं वाचवतात असं कोणी म्हटलं असतं
तर ते खोकला येईस्तोवर हसले असते.
सव्वा रुपयाची वही. दोन वाचल्या की
पावभर फल्लीतेल.

बेशाला सातव्या मजल्यावर आम्ही दोघं,
खुर्च्या सहा,
फ्रिजमध्ये झाकलेल्या अर्ध्याअर्ध्या वाट्या.
एक खोली फक्त पाहुण्यांची, पाहुणे हॉटेलात उतरतात.
परवा दारात खोका आला,
त्यात आणखी एक खोका,
त्यात हवा भरलेल्या पिशव्या,
आणि त्यांच्यात कुठेतरी
कूलरच्या पंपाची बोटभर नळी.
मी पिशव्या एकेक करून फोडल्या.
बाबा असते तर हात धरला असता.
"चांगली हवा भरली आहे न बे,
काहून सोडून राहिली?"

मागल्या रविवारी हेमराज आला,
लोखंडी पेटीच्या तळाशी सापडली म्हणून
वही घेऊन.
दोरा अजून तसाच घट्ट.
मला वाटत होतं, मी सगळी संपवली होती.
मागची सात पानं कोरी निघाली.

म्हणजे सहा.
एकावर बाबांच्या अक्षरात,
पानाच्या अगदी काठापासून, महिन्याचा हिशेब.
रॉकेल. दळण. विश्वंभरची चप्पल शिवून.
आणि सगळ्यांत खाली
"लहानीला नवी वही १ — १.२५",
त्यावर एक आडवी रेघ.
रेघ सरळ आहे. पट्टी लावून मारलेली.

हेमराज चहा पीत होता.
मी काही बोलले नाही, त्यानेही विचारलं नाही.

तो गेल्यावर शेवटचं पान काढलं,
वाघाच्या शेपटीचं.
बाजाराला जायचंच होतं.
काठाला पेन टेकवून लिहायला घेतलं,
सांबार, आलू, फल्लीतेल एक लिटर,
दाभण.

दाभण आता बर्डीवर मिळतं की इतवारीत,
कोणाला विचारावं?