वांधा

एकतीस वर्षं मी कोर्टात दुभाष्या.
मराठीचं गुजराती करतो, गुजरातीचं मराठी,
आणि दोन्हींतून जे गळून पडतं
ते घरी घेऊन जातो.

त्या दिवशी पतंगे विरुद्ध पतंगे.
रावपुऱ्यात वडिलांचं दुकान,
लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट शिवायचं:
लाल कापड, खांद्यावर पिवळी झालर,
पितळी बटणांच्या बरण्या छतापर्यंत.
आता कोट सुरतेहून तयार येतात,
आणि जागेला भाव आला आहे.

आजारपणाच्या शेवटच्या दुपारी विचारलं होतं,
आप्पा, दुकान विकायचं का?

उल्हास म्हणतो, आप्पा बोलले: वांधो नथी.
हरकत नाही, विका खुशाल.
गिऱ्हाइकाशी ते जन्मभर गुजरातीच बोलले,
धंद्याचा प्रश्न होता, धंद्याच्या भाषेत उत्तर दिलं.

इंदुमती म्हणते: वांधा. नको.
वांधे होतील, विकू नका.
मरताना माणूस घरी येतो, साहेब,
दुकानात जात नाही.

कवळी काढून वाटीत ठेवलेली होती,
हे दोघांना मान्य.
म्हणजे ओ होता की आ
ते आप्पांच्या ओठांनाही नीट कळलं नसावं.
'न' पुढे काही आलं नाही,
हेही मान्य.
नर्स केरळची.

साहेब माझ्याकडे वळले.
दुभाषी, अर्थ सांगा.

काय सांगणार?
या गावात हा शब्द दोन्ही घरी जेवतो.
तिकडे त्याच्यामागे 'नथी' लावलं
की सगळं सुरळीत, चहा मागवा.
इकडे त्याचं नुसतं अनेकवचन केलं
की माणूस डोक्याला हात लावून बसतो.
भांडण मिटतं, तंटा तुटतो, गाठ कधीतरी सुटते.
वांधा काढता येतो, घेता येतो,
नाहीतर आपला आपण पडतो.
पडलेला वांधा उचलायचा कसा
ते मला एकाही भाषेत सापडलेलं नाही.

मी लिहून दिलं: वांध्–, न–
साहेब म्हणाले, आडव्या रेघेवर निकाल देता येत नाही.
मी म्हटलं, साहेब, तेवढंच तर ऐकू आलं होतं.
बाकीचं ज्यानं त्यानं
आपापल्या जवळचं घातलं.
वकील हसले. साहेब नाही.
त्यांच्या वडिलांना जाऊन
महिनाही झाला नव्हता, हे मला मागाहून कळलं.

तारीख पडली. ऑगस्टमधली.

मधल्या सुट्टीत सेव-उसळीच्या गाडीवर
दोघं एकाच बाकड्यावर बसलेली,
मध्ये वकिलाची पिशवी.
बोलणं चार वर्षं बंद आहे.
तिनं त्याच्या ताटलीतला कच्चा कांदा
एकेक करून वेचला, आपल्यात घेतला.
त्यानं ताटली तेवढ्यापुरती तिरकी धरली.

गाडीवाला तरीचा डाव घेऊन उभा,
बेन, तीखुं चालसे?
ती पाव मोडत होती.
वर न बघताच म्हणाली,
वांधो नथी.

उल्हासचा घास थांबला.
त्यानं मान वळवून
सरळ माझ्याकडे पाहिलं.

मी लिंबू पिळत राहिलो.
माझी सुट्टी
दोन वाजेपर्यंत होती.