जोड उतरला होता

एम.ए. भाग दोन, संगीत नाट्य, पेपर सहावा:
‘गद्यातून पद्यात प्रवेश.’
शंभर गुण, त्यातले साठ प्रात्यक्षिकाला.

लिमये बाई खडू हातात घेत नाहीत.
पायपेटीवर कोपर टेकून म्हणतात,
पद सुरू करायचं नसतं गं, तहसीन.
बोलणं सरत यायला हवं,
दाणे संपले तरी जातं एखादा फेरा फिरतंच ना, तसं.
त्या रिकाम्या फेऱ्यात पहिला सूर असतो.

मी वहीत लिहिलं: रिकामा फेरा.
खाली तारीख टाकली.
पुढे अडीच महिने तो काही सापडला नाही.

सकाळी साडेसहाची मिरजेहून सांगलीची बस,
विश्रामबागला उतरून चालत.
पहिला तास श्वासाचा. फरशीवर उताणं पडायचं,
पोटावर ग्रंथालयातला शब्दकोश,
तो वर गेला पाहिजे, छाती नाही.
पलूसचा धनाजी शब्दकोशासकट घोरतो.
दुसरा तास वाणीचा, तिथं माझी वरात:
चमचा, चंदन, चांदणं, चोच.
मराठीला दोन च आहेत,
आमच्या घरात एकावर भागतं.
अख्खं सत्र त्या दुसऱ्या च-मागे गेलं.

घरी खोलीभर भोपळे.
मंगळवेढ्याकडून आलेले, वाळून खडखडीत,
हलवले की पोटात बी वाजतं.
फॉर्म भरताना मामू म्हणाले होते,
नाटकात गाऊन काय मिळतं?
अब्बा काही बोलले नाहीत.
फीची पावती घेतली
आणि हरवू नये म्हणून
एका फुटक्या भोपळ्यात ठेवून दिली.

अब्बांचं वाक्य कधी पुरं होत नाही.
‘ते खालचं जरा—’
एवढं म्हणतात आणि कानस उचलतात.
घोडीवर तीनदा घासतात, फुंकर मारतात,
तार छेडून मान डावीकडे.
परत एकदा घासतात.
दोरा इकडे केसभर, तिकडे केसभर.
एका जवारीला कधी दिवस जातो,
भुवयांवर पांढरी भुकटी बसते,
आणि संध्याकाळी कधीतरी
तो सूर एकदम उघडतो,
झाकण काढल्यासारखा.
मी तेवीस वर्षं हे बघते आहे.
बघते म्हणजे, त्यातून वाट काढत मोरीकडे जाते.

परीक्षेचा प्रयोग मार्चात.
नाटक वर्गानंच लिहिलेलं,
हळदीच्या पेढीवरल्या मुनिमाची बायको
घर सोडून निघते, त्या रात्रीचं.
नऊवारीला अकरा पिना, अंबाडा भाड्याचा.
तंबोऱ्यावर धनाजी, जागा.
दुसऱ्या अंकात माझं वाक्य होतं:
‘किल्ल्या कोनाड्यात ठेवल्यात,
दूध तापवून झाकलंय, मांजराकडे बघा.’

किल्ल्या म्हटलं. कोनाडा म्हटलं.
‘दूध—’
पुढचं पाठ होतं. खोटं कशाला सांगू,
जिभेवर होतं.
पण मान डावीकडे गेली.
माझी नव्हतीच ती मान.
समोर अंधार, तंबोरा,
आणि मी केसभर थांबले, मग आणखी केसभर.
पद कधी सुरू झालं ते
लिमये बाईंना विचारा, मला नाही ठाऊक.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा दिला:
विराम उत्तम. च अजून कच्चा.

अब्बा शेवटच्या रांगेत होते म्हणे,
दाराजवळ, चपला न काढता.
पडदा पडल्यावर मला कोणी दिसलं नाही.

सकाळी मी चहा टाकायला उठले
(कुठल्या च-चा, ते आज विचारू नका).
ते घोडी समोर घेऊन बसलेले.
वर न बघता म्हणाले,
‘दुसऱ्या अंकात जोड उतरला होता.’
मी म्हटलं, धनाजीला सांगते.
बराच वेळ फक्त स्टोव्ह.
‘आणि ते दूध—’

म्हणाले,
आणि कानस उचलली.