क्लीथॉर्प्स, ओहोटी

समुद्र बघायला आलो तर समुद्रच घरी नव्हता.
"येईल चारला," ग्रिम्शॉबाई म्हणाल्या,
दूधवाल्याबद्दल बोलावं तसं,
आणि माझी खोली दाखवायला जिना चढू लागल्या.

मैलभर चिखल, चकाकता.
त्यावर एक गाढव, दोन पोरं,
आणि जुलैतला वारा, स्वेटरच्या आत हात घालणारा.

बाकड्यावर पितळी पट्टी:
आयव्ही पॉकलिंग्टन. हिला इथं बसायला आवडायचं.
एवढंच. तारखासुद्धा नाहीत.
मी जरा सरकून बसलो.

चिप्सवर व्हिनेगर जास्त झालं होतं.
एक सीगल आला, हातातलीच उचलून
रेलिंगवर जाऊन बसला,
दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा.

रस्त्यालगत गाड्यांची रांग, काचा बंद,
आत म्हातारी जोडपी, थर्मास,
नसलेल्या समुद्राकडे तोंड करून.
कुणी काही बोलत नाही.
भुरभुर सुरू झाली की
वायपर एकदाच फिरतो, थांबतो.

हसू येईल असं वाटलं होतं.
पण मीही कॉलर वर करून
तिकडेच बघत राहिलो,
कुणाच्या तरी येण्याची वेळ दिलेली असावी तसा.

मग पाणी आलं. राखाडी, चपटं,
चपला हातात घेऊन आल्यासारखं.
घड्याळ पाहिलं: सव्वाचार.
ग्रिम्शॉबाईंना सांगणार नाही.